ध्वनिमुद्रिकेवर नसलेली नावे

कोणतेही गाणे कानावर पडले की आपण आधी गायकाचे नाव विचारतो, फार तर संगीतकाराचे. मधल्या जागेत बासरी कोणी वाजवली, हे विचारणारा श्रोता विरळाच. त्यात श्रोत्याचा तरी काय दोष? जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या मध्यभागी जो गोल कागद चिकटवलेला असे, त्यावर गाणे, गायक, कवी आणि संगीतकार यांची नावे छापली की जागा संपली. वादक त्या कागदाबाहेरच राहिले. ते का राहिले आणि त्यामुळे कोणाचे काय गेले, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम मुंबईचेच उदाहरण घेऊ. ‘बीटल्स’ हे इंग्लंडमधील चार तरुणांचे जगप्रसिद्ध रॉक पथक. त्यांच्यापैकी जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईस आला. एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत त्याने आपल्याकडील वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. त्याच वेळी मुद्रित झालेल्या एका सुरावटीवर पुढे लंडनला गायन चढवले गेले आणि ‘द इनर लाइट’ हे गाणे तयार झाले. मार्च १९६८ मध्ये ते ‘लेडी मॅडोना’ या गाण्याच्या तबकडीवर मागील बाजूस निघाले. गंमत अशी की, या गाण्यात बीटल्सपैकी एकानेही वाद्य वाजवलेले नाही. सरोद आशिष खाँ यांचा, बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची. तबकडीवर मात्र वाजवणारे म्हणून एकच नाव, ‘बीटल्स’. त्याच मुंबईभेटीतून निघालेल्या ‘वंडरवॉल म्युझिक’ या मोठ्या ध्वनिमुद्रिकेवर भारतीय वादकांची नावे छापली गेली. म्हणजे मनात आणले तर नावांना जागा सापडते!

नाव गाळण्याचे एक कारण करारात असते. एखादा वादक एका कंपनीशी बांधलेला असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या तबकडीवर त्याचे नाव छापणे अडचणीचे होते. सप्टेंबर १९६८ मध्ये एरिक क्लॅप्टन या नामांकित गिटारवादकाने बीटल्सच्या ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ या गाण्यात गिटार वाजवली. नाव कोठेही नाही. त्याच वर्षी हॅरिसनने क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ या पथकाच्या ‘बॅज’ या गाण्यात गिटार वाजवून परतफेड केली. तेथे त्याचे नाव ‘लांजेलो मिस्तेरियोसो’, म्हणजे ‘गूढ देवदूत’, असे छापले. या दोघांचे त्यात काहीच गेले नाही. उलट रसिकांना ते कोडे आवडले आणि उत्तरही लवकरच सर्वांना कळले.

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहा. १९६७ साली बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेत ‘विदिन यू विदाउट यू’ हे गाणे होते. त्यात लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वादकांनी दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवला. या वादकांची नावे तबकडीवर आली नाहीत. ती जगापुढे आली २०१७ साली, म्हणजे तब्बल ५० वर्षांनी : अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी. ‘अण्णा जोशी’ हे नाव वाचताना मी थबकलो. असे नाव तर आपल्या खापरखेड्याच्या एखाद्या गल्लीतही सापडेल! क्लॅप्टनचे नाव गाळले, त्याचे कोडे झाले. अण्णा जोशींचे नाव गाळले, ते विस्मरणात गेले. चूक एकच, पण ज्याला आधीच नाव आहे त्याला ती लागत नाही; ज्याच्याकडे तेवढे एकच श्रेय आहे, त्याचे सर्वस्व जाते.

आपल्या चित्रपटसृष्टीतही हेच दिसते. ‘दोस्ती’ (१९६४) मधला माउथ ऑर्गन राहुल देव बर्मन यांनी, तर ‘गाइड’ (१९६५) मधील लतादीदींच्या एका गाण्यातला तबला संतूरवादक शिवकुमार शर्मा यांनी वाजवला, हे आज रसिक कौतुकाने सांगतात. कारण दोघे पुढे मोठे झाले. पण त्याच काळात गोव्याहून आलेले कितीतरी व्हायोलिन, ट्रंपेट आणि सॅक्सोफोनवादक मुंबईच्या स्टुडिओत ठरावीक मोबदल्यावर बसत. अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच एक थोर व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंदरचनाकार. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात त्यांचे नाव आले आणि घरोघरी पोचले; पण असा माणूस खरोखर आहे, हे गाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते?

हा विषय मला इतका जवळचा का वाटतो, तेही सांगतो. माझे वडील लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. सुपारी मालकाच्या नावाने येते, गाडीवर, ढोलावर आणि गणवेशावर मालकाचेच नाव असते. वडिलांना वरातीमागे ठरलेले पैसे मिळतात. त्यांची तक्रार नाही. ‘वाजवल्याचे पैसे मिळाले, नाव घेऊन काय करायचे?’ असे ते म्हणतात. मुंबईचे वादकही कदाचित असेच म्हणत असतील. परंतु पैसा त्या रात्रीचा असतो आणि नाव पुढल्या पिढीचे. वडिलांनी काय वाजवले हे उद्या माझ्या मुलांनी कोठे वाचावे?

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कला सादर करणाऱ्यांचे हक्क आले. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्कही मिळाला. मात्र त्यातच एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रूढीनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला त्यातील बहुतेक हक्कांपुरते सादरकर्ता मानले जात नाही. म्हणजे रूढीने नाव गाळले, म्हणून हक्क नाही! कायदासुद्धा रूढीपाशी येऊन थांबतो. रूढी बदलणे मात्र तुमच्या-आमच्या हाती आहे.

त्याची सुरुवात दूर कशाला, आपल्या महाविद्यालयापासून करू. स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत गाणाऱ्यांची नावे असतात. त्याखाली पेटी, तबला आणि ढोलकीवर कोण बसले, हेही छापावे. खर्च एका ओळीचा आहे.

— बी. ए. भाग २