पदवीवाचून अडते कुठे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एक वाद हमखास रंगतो. 'सचिन तेंडुलकर कुठे कॉलेजात गेला होता?' असे मुलगा विचारतो आणि 'आधी पदवी घे, मग काय ते कर' असे वडील सुनावतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र दोघेही अर्धेच चित्र पाहत असतात.

मुलाच्या उदाहरणापासून सुरुवात करू. नोव्हेंबर १९८९ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी सचिन कराचीत पहिली कसोटी खेळला, पण त्याआधीची कित्येक वर्षे शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या कडक शिस्तीत गेली होती. धीरूभाई अंबानी मॅट्रिकनंतर एडनला गेले आणि तेथील व्यापारी पेढीत नोकरी करता करता व्यापार शिकले. बिल गेट्स यांनी १९७५ मध्ये हार्वर्ड सोडले हे सर्वांना ठाऊक असते. १९६८ मध्ये, शाळकरी वयातच त्यांना संगणक हाताळायला मिळाला होता, हे सहसा कोणी सांगत नाही. या तिघांचेही शिक्षण झालेच, फक्त त्यातले बरेचसे महाविद्यालयाबाहेर झाले. शिवाय कॉलेज सोडून पुढे काहीच न जमलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

आता वडिलांची बाजू. राज्यसेवा परीक्षा असो वा फौजदाराची, पदवी लागते. पोलीस शिपायाला बारावी पुरते. बँकेत कारकून व्हायचे तरी पदवी हवीच. प्रस्तुत प्रतिनिधीने पत्रकारितेची पदविका घेतली, तिच्या प्रवेशालाही आधी पदवीच मागितली गेली! तिथे काय शिकलात, हे कोणी विचारले नाही. दार उघडणारी किल्ली म्हणून पदवीचे मोल असे आहे.

पण किल्ली हाती आली म्हणजे दार उघडेलच असे नाही. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणांत पदवीधरांमधील बेरोजगारीचे प्रमाण अल्पशिक्षितांपेक्षा जास्त असल्याचे वारंवार दिसले आहे. याचा अर्थ शिक्षणाने नोकरी जाते असा नव्हे. गरिबाला रिकामे बसणे परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर मनाजोगत्या नोकरीची वाट पाहतो आणि त्याच्या पदवीत हाताला काम देणारे कौशल्य बहुधा नसते.

या वादात मधली वाट मात्र विसरली जाते. दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे व्यवसाय शिकता येतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार पुढे कारखान्यात विद्यावेतनासह प्रत्यक्ष अनुभव मिळतो. ही वाट बंद गल्लीत संपते, हा समजही चुकीचा आहे. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. नोकरी सांभाळून शिकायचे तर १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच.

तरीही पालक बिचकतात. स्थळ पाहताना 'मुलगा काय शिकला?' हा प्रश्न अजून पहिल्या दोन-तीन प्रश्नांत येतो आणि त्याचे 'वेल्डर' हे उत्तर, पगार कितीही असला तरी, अनेक घरांत आजही खालच्या आवाजात दिले जाते.