प्रतिस्थापन, माजी सैनिकाच्या दाव्यातील
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अपंगत्व-भरपाईचा दावा किंवा अपील प्रलंबित असताना माजी सैनिक मृत्यू पावल्यास, त्याच्या जागी पात्र आप्ताने ते प्रकरण पुढे चालविण्याची कायदेशीर तरतूद. भरपाईचा हक्क व्यक्तिगत मानला जात असल्याने पूर्वी दावेदाराबरोबर त्याचे अपीलही संपुष्टात येई. आप्तांना ‘उपार्जित लाभां’साठी वेगळा दावा करावा लागे व त्याचा निर्णय मृत्युदिनी दप्तरी असलेल्या पुराव्यावरच होई, नंतर हाती आलेला वैद्यकीय अहवाल निरुपयोगी ठरे.

१० ऑक्टोबर २००८ च्या अधिनियमाने ही स्थिती बदलली. त्या दिवशी वा त्यानंतर मृत्यू झाल्यास प्रथम हयात पती किंवा पत्नी, त्यांच्या अभावी अपत्ये व नंतर अवलंबून असलेले आईवडील यांना मृत्यूपासून एक वर्षाच्या आत प्रतिस्थापनाची विनंती करता येते. प्रौढ अपत्ये सामान्यतः पात्र नसतात. प्रतिस्थापित व्यक्तीस नवा पुरावा देता येतो आणि अपिलाचा सुनावणीतील मूळ क्रमही टिकतो. असे आप्त नसल्यास अखेरचे आजारपण व अंत्यविधी यांचा खर्च करणाऱ्यास त्या खर्चापुरतीच रक्कम मिळते.

प्रतिस्थापनाने मिळणारी भरपाई मृत्यूपूर्व काळाचीच असते. पुढील निर्वाहासाठी आश्रितांना स्वतंत्र दावा करावा लागतो.