जुन्या ट्रकमधलं इंजिन ओळखायचं कसं? (वृत्तचितीच्या घनफळाचा एक पाठ)



दहावीच्या महत्त्वमापनात वृत्तचितीचं घनफळ येतं. उदाहरणात बहुतेक वेळा पाण्याची टाकी असते, नाहीतर डबा. मुलं सूत्र घालतात, उत्तर काढतात आणि विसरतात. आज वेगळं उदाहरण घेऊ. एक जुना ट्रक आहे आणि त्यातलं इंजिन नेमकं कोणतं, हे मालकालाही सांगता येत नाही.

असं होतं का? होतं. चाळीस-पन्नास वर्षं चाललेल्या गाडीत मूळचंच इंजिन असेल याची काही खात्री नाही. पेट्रोलच्या ट्रकमध्ये डिझेल इंजिन बसवून घेण्याचा एक काळ होता आणि त्यासाठी इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचं पी-६ हे इंजिन खूप वापरलं गेलं. म्हणून पुढे जाळीवर डॉज लिहिलंय तर आतही डॉजच, असं धरून चालत नाही. बॉनेटवरचा आकडाही इंजिनाचा नसतो. टाटाच्या १२१० मध्ये १२ म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन सुमारे १२ टन आणि १० म्हणजे सुमारे १०० अश्वशक्ती. तो आकडा गाडीचा.

इंजिन ओळखण्यात चूक झाली तर ती महाग पडते. पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट सगळं इंजिनाप्रमाणे येतं. चुकीचा माल आणला की गाडी गॅरेजमध्ये उभी आणि रोजची कमाई बंद. शिवाय आरसी बुकात इंजिन नंबर असतो. इंजिन बदलून आरटीओत नोंद केली नसेल, तर पासिंगला किंवा गाडी विकताना नंबर जुळत नाही आणि मालक अडकतो.

आधी डोळ्यांनी दिसतं ते पाहायचं. स्पार्क प्लग आणि कार्बोरेटर असेल तर पेट्रोल. पंपापासून नोझलपर्यंत पोलादी नळ्या गेल्या असतील तर डिझेल, आणि जितक्या नळ्या तितके सिलिंडर. मग नंबर. इथे मुलांना एक फरक जरूर दाखवावा. लोखंडावर उठून आलेला नंबर साच्यातून आलेला असतो. त्याच साच्याच्या हजारो ब्लॉकांवर तोच नंबर. खोल ठोकलेला, म्हणजे पंच केलेला नंबर त्या एका इंजिनाचा. आरसीशी ताडून पाहायचा तो हा दुसरा. हेडवरच्या नंबरावर मात्र फार विसंबू नये, कारण हेड दुसऱ्या इंजिनाचंही असू शकतं.

नंबर गंजून गेला असेल तर? मग आपलं गणित कामाला येतं.

हेड खोललं की सिलिंडरचा व्यास मोजता येतो, त्याला बोअर म्हणतात. पिस्टन अगदी वरून अगदी खाली जातो ते अंतर म्हणजे स्ट्रोक. बोअर हा वृत्तचितीचा व्यास, स्ट्रोक ही तिची उंची. त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले उंची, आणि त्याला सिलिंडरच्या संख्येने गुणायचं. उत्तर घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे मुलं मोटरसायकलच्या बाबतीत ज्याला ‘सीसी’ म्हणतात तेच.

आता तीन सहा-सिलिंडर इंजिनं घेऊ. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या काळातलं मर्सिडीजचं ओएम ३१२ इंजिन: बोअर ९० मिमी, स्ट्रोक १२० मिमी, घनफळ सुमारे ४५८० घसेमी. टाटाचं ६९२: ९२ आणि १२०, सुमारे ४७८६. पर्किन्स पी-६: ८८.९ आणि १२७, सुमारे ४७३०.

शेवटची दोन घनफळं पाहा. फरक जेमतेम ५६ घसेमीचा. कोणी नुसतं ‘पावणेपाच लिटरचं इंजिन आहे’ म्हणून सांगितलं तर त्यावरून काहीच ठरत नाही. ओळख पटते ती बोअर आणि स्ट्रोकच्या जोडीवरून.

आणि ८८.९ हा असा विचित्र आकडा का? २५.४ ने भागा: साडेतीन इंच. १२७ म्हणजे बरोबर पाच इंच. मिलिमीटरमध्ये वाकडा दिसणारा आकडा इंचात सरळ झाला, की इंजिन इंग्रजी किंवा अमेरिकन असावं असा अंदाज बांधता येतो. मला या पाठातली ही जागा सर्वात आवडते. नट-बोल्टवरून देश ओळखायला जाऊ नये. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, त्यामुळे १९ चा पाना तिथेही जवळजवळ बसतो आणि फसवतो.

नावातही कधी कधी गणित लपलेलं असतं. टाटाच्या ६९७ मध्ये ६ सिलिंडर आणि ९७ मिमी बोअर. पर्किन्सच्या ६.३५४ मध्येही ६ सिलिंडर, पण ३५४ हे घन इंचातलं घनफळ.

मोजताना एक काळजी घ्यायची. जुना सिलिंडर वरच्या भागात जास्त झिजलेला असतो, शिवाय तो बोअर करून मोठा केलेलाही असू शकतो. म्हणून व्यास खालच्या भागात, आडवा-उभा दोन्हीकडून मोजावा. ६९७ चा स्ट्रोक १२८ मिमी. त्यात १ मिमी चुकलं तर उत्तर सुमारे ४४ घसेमीने बदलतं. बोअरमध्ये १ मिमी जास्त धरला तर सुमारे ११८ ने. त्रिज्येचा वर्ग होतो ना! वर्गात मुलांना आधी अंदाज करायला लावा, मग आकडेमोड.

गावात गॅरेज असेल तर मिस्त्रींना विचारून वर्ग तिथे न्यावा. त्यांच्याकडे खोललेला एखादा ब्लॉक पडलेला असतोच. वर्नियर शाळेच्या प्रयोगशाळेतला चालतो. ते जमलं नाही तर हे उदाहरण फळ्यावर द्या: बोअर ९७ मिमी, स्ट्रोक १०० मिमी, सिलिंडर ४. उत्तर सुमारे २९५६ घसेमी यायला हवं. टाटा ४०७ मध्ये बसणारं ४९७ इंजिन ते हेच.