गव्हाचें पथ्य आणि परगांवचें जेवण

गेल्या हिवाळ्यांत आमच्या आठव्या इयत्तेची सहल मालवणास जावयाची ठरली, तेव्हां यादींत एका मुलाचें नांव घालावें कीं न घालावें ह्याविषयीं शिक्षकांच्या खोलींत बराच वाद झाला. मुलगा अंगानें सडपातळ, पण खेळांत चपळ आणि वागण्यांत सालस. त्याला वगळण्याजोगें एरव्हीं कांहींच कारण नव्हतें. अडचण एवढीच कीं त्याला गहूं चालत नाहीं. चालत नाहीं म्हणजे आवडत नाहीं असें नव्हे. गव्हाचा अंशही पोटांत जातां कामा नये असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे, आणि हें पथ्य जन्मभराचें आहे. चार दिवस परमुलखांत, दोन्ही वेळां हॉटेलांत जेवावयाचें. मूल आजारी पडलें तर जबाबदार कोण? एका शिक्षकबंधूंचें मत पडलें कीं त्याला घरींच ठेवावें. ही गोष्ट मुलाच्या कानीं गेली. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, मी नुसता भात खाईन, पण मला येऊं द्या." आम्ही त्याला नेलें. त्या निमित्तानें आम्हांस जें शिकावें लागलें, तें येथें लिहून ठेवीत आहों.

ह्या विकारास सीलियाक रोग म्हणतात. पोट ह्या अर्थाच्या एका ग्रीक शब्दावरून हें नांव आलें आहे. आपल्या लहान आंतड्याची आंतील बाजू मखमलीसारखी असते. तिच्यावर असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात व त्यांच्या द्वारें अन्नाचा रस रक्तांत शोषला जातो. गहूं, जव व राय ह्या धान्यांत ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. तें ह्या रोग्याच्या पोटांत गेलें कीं त्याच्या शरीराची संरक्षक शक्ति भलत्याच शत्रूवर चाल करून जाते व स्वतःच्याच आंतड्यावर घाव घालते. उंचवटे झिजून मखमल सपाट होते. मग मूल पोटभर जेवलें तरी उपाशीच. कोणाला जुलाब होतात व पोट फुगतें, कोणाची उंची खुंटते, कोणाचें रक्त कमी होतें. कित्येकांस तर वर्षानुवर्षें उघड लक्षण असें कांहींच दिसत नाहीं. हा रोग संसर्गजन्य नाहीं. जगांत सुमारें शंभर माणसांत एकाला तो असतो. आपल्या देशांत गहूं खाणाऱ्या उत्तरेकडे तो अधिक आढळतो, भात खाणाऱ्या दक्षिणेकडे कमी.

येथें पालकांना एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. संशय आला म्हणून घरच्या घरीं गहूं बंद करूं नये. आधीं रक्ताची व जरूर तर आंतड्याची तपासणी करवावी, कारण गहूं सोडल्यावर थोड्याच काळांत रोगाच्या खुणा पुसट होतात व तपासणींत कांहीं सांपडेनासें होतें. आजकाल कित्येक धट्टीकट्टी माणसें केवळ फॅशन म्हणून गहूं सोडतात. त्यांच्या ह्या हौसेचा उपद्रव खऱ्या रोग्यास होतो, हॉटेलांतील वाढप्या त्यालाही त्यांच्यांतलाच समजतो, आणि "थोडें खाल्ल्यानें काय होतें!" म्हणून हसतो.

लंडनचे डॉ. सॅम्युएल गी ह्यांनीं १८८८ सालीं ह्या रोगाचें स्पष्ट वर्णन केलें, व उपाय असलाच तर तो अन्नांत सांपडेल असें अनुमानही काढलें. पण कोणत्या अन्नांत, तें पुढें साठ वर्षें कोणास नक्की कळलें नाहीं. तें शोधून काढलें हॉलंडमधील बालरोगवैद्य विलेम कारेल डिके ह्यांनीं. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मन अंमलाखालीं हॉलंडांत भयंकर दुष्काळ पडला; पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊं लागले. त्या उपासमारींत हीं आजारी मुलें मात्र सुधारलीं, आणि पाव पुन्हां मिळूं लागतांच पुन्हां आजारी पडलीं, अशी कथा सर्वत्र सांगतात. ती ऐकून डिके ह्यांना हा शोध केवळ योगायोगानें लागला असें वाटूं नये. त्यांना गव्हाचा संशय युद्धापूर्वींपासून होता, व १९४१ सालींच त्यांनीं गहूंविरहित आहाराविषयीं लिहिलें होतें. दुष्काळानें त्या संशयास बळकटी दिली. त्यांचा प्रबंध १९५० सालीं उत्रेख्त येथें प्रसिद्ध झाला.

ग्लूटेन म्हणजे काय तें पाहणें मुळींच कठीण नाहीं. मैद्याचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळून थोडा वेळ ठेवावा आणि मग पाण्याच्या बारीक धारेखालीं हळूहळू चोळावा. पांढरें पाणी वाहून जातें, तें पिष्ट. हातांत रबरासारखा चिवट गोळा राहतो, तें ग्लूटेन. बोलोन्याच्या बेक्कारी ह्या विद्वानाचा हा प्रयोग १७४५ सालीं प्रसिद्ध झाला. आम्ही तो वर्गांत करून दाखविला, तेव्हां एका मुलीनें विचारलें कीं आई पोळी लाटते पण भाकरी थापते, तें ह्याचमुळें काय? प्रश्न अगदीं बरोबर होता. गव्हाच्या कणकेंत हा चिवटपणा असतो म्हणून ती लाटण्याखालीं पसरते, तुटत नाहीं. जोंधळ्याच्या किंवा बाजरीच्या पिठांत तो नाहीं. म्हणून तें पीठ ऊन पाण्यानें मळावें लागतें, आणि तरीही हातानें थापावें लागतें. जी गोष्ट नव्या सुनेला रडवी, तीच ह्या मुलाचें रक्षण करणारी ठरली!

ह्यावरून कोणास वाटेल कीं महाराष्ट्रांत ह्या रोग्यास चिंता नाहीं. जोंधळा, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, सर्व डाळी, दूध, अंडीं, मांस, मासे, फळें, भाज्या ह्या सगळ्यांत ग्लूटेन नाहीं. पिठलें-भाकरी, झुणका, भरीत, ठेचा हें जेवण तर घाटावर कोणत्याही रस्त्यावर मिळतें. परंतु खरें संकट ताटांत वाढलेल्या पदार्थाचें नसून त्या पदार्थाच्या सोबत्याचें असतें. भाकरीचेंच घ्या. जोंधळा निर्दोष, पण तो ज्या गिरणींत दळला, तेथें त्याच्या आधीं कोणाचा तरी गहूं दळलेला असतो, व गिरणींत राहिलेलें पीठ जोंधळ्यांत उतरतें. म्हणूनच त्या मुलाच्या आईनें घरीं निराळी लहान चक्की घेतली आहे. बाजारांतील डबीच्या हिंगांतही पुष्कळदां गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें, आणि हिंग तर आपल्या फोडणींत, सांबारांत, लोणच्यांत सर्वत्र! थालिपिठाच्या व चकलीच्या भाजणींत कोणी गहूं घालतात, कोणी घालीत नाहींत. चिनी पद्धतीच्या पदार्थांत घालतात तो सोयाबीनचा काळा रस बहुधा गहूं घालूनच आंबविलेला असतो. दुधांत घालावयाच्या शक्तिवर्धक पुडींत जवाचें माल्ट असतें. बटाटेवड्याचें आवरण बेसनाचें, पण ज्या कढईंत तो तळला तींतच सकाळीं समोसे तळलेले. आणि तळण्यानें ग्लूटेन नाहींसें होत नाहीं. डोसा चालतो, रवा-डोसा चालत नाहीं. पण इडलीचा म्हणून जो रवा विकतात तो तांदळाचा असतो, तो चालतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ हॉटेलवाल्यालाही फसवितात.

एवढ्याशा पिठानें काय बिघडतें, असें विचारणाऱ्यांसाठीं हिशेब देतों. पावाच्या एका कापांत सुमारें २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम, ग्लूटेन असतें. रोज ५० मिलिग्रॅम पोटांत जात राहिलें तर रोग्याच्या आंतड्यास इजा होते असें परीक्षणांत आढळलें आहे. म्हणजे त्या कापाचा चाळीसावा भाग. म्हणून ज्या पदार्थाच्या किलोंत २० मिलिग्रॅमपेक्षां अधिक ग्लूटेन नाहीं, त्यालाच आपल्या देशाच्या नियमाप्रमाणें ग्लूटेनमुक्त म्हणतां येतें.

आतां आमच्या चुकीची हकीकत. मालवणास पोंचल्यावर पहिल्या दिवशीं आम्ही फार सावध होतों. कोंबडी-वडे आले, तेव्हां वड्यांच्या पिठांत गहूं आहे काय तें विचारलें. आहे असें कळलें व मुलाला वडे दिले नाहींत. सोलकढी, भात, माशाचें कालवण हें सर्व चौकशी करून दिलें. दुसऱ्या दिवशीं तळलेल्या सुरमईच्या तुकड्या आल्या. मासा तो मासा, त्यांत गहूं कोठून येणार, असें मनांत म्हणून आम्ही विचारलेंच नाहीं. तुकडीवरचें खरपूस कवच रव्याचें होतें. मुलानें आमच्याकडे एकदां पाहिलें, आम्ही मान हालविली, आणि त्यानें आमच्या भरंवशावर ती खाल्ली. रात्रीं त्याला उलट्या सुरू झाल्या. पहाटेपर्यंत तो पोट धरून बसला होता, व आम्ही त्याच्या उशाशीं. घरीं तो स्वतः असा कधींच चुकला नसता. त्याला चुकविलें तें आम्हीं, त्याच्या गुरुजनानें.

खाणावळीच्या मालकीणबाईंना आम्ही सकाळीं सगळें सांगितलें. त्यांना रागावण्याचा आम्हांस अधिकारच नव्हता. आम्हीं विचारलें नव्हतें. त्या मात्र हळहळल्या. "मास्तर, आधीं सांगायचंत, तांदळाच्या पिठांत घोळून दिली असती," असें म्हणाल्या. मग त्यांनीं एक तवा राखेनें घासून, धुवून निराळा ठेवला, निराळी कढई काढली, आणि तिसऱ्या दिवशीं आमच्या आजाऱ्यासाठीं त्या तव्यावर तांदळाचीं घावनें केलीं. तीं इतकीं मऊ व जाळीदार झालीं कीं बाकीचीं मुलें आपल्या पोळ्या सोडून घावनें मागूं लागलीं! त्या सकाळीं त्यानें किती खाल्लीं तें मोजलें नाहीं, पण बाईंना पीठ दुसऱ्यांदा भिजवावें लागलें.

परतीच्या वाटेवर त्या मुलानेंच आम्हांस एक युक्ति शिकविली. अनोळखी हॉटेलांत तो प्रथम विचारतो, "उपवासाचें काय आहे?" साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची उपवासाची भाजी ह्यांत गहूं तर नसतोच, पण हिंगही सहसा नसतो, आणि स्वयंपाकीही उपवासाच्या भांड्यांस धान्य लागूं देण्यास कचरतो. ग्लूटेन हा शब्द त्याला ठाऊक नसेल, पण उपवास मोडूं नये हें त्याला पक्कें ठाऊक असतें. ख्रिस्ती घरांतील मूल एकादशीच्या नेमाच्या आधारानें सुखरूप जेवतें, हें पाहून आम्हांस शेजाऱ्यांविषयीं कृतज्ञता वाटली. फक्त साबुदाणावडा कोणत्या तेलांत तळला तेवढें विचारून घ्यावें.

परदेशांत ह्या बाबतींत सर्वांत पुढें कोण असेल, तर पाव व पास्ता ह्यांवर जगणारा इटली देश. तेथें रोग्यांची संस्था १९७९ पासून आहे. ती हॉटेलांच्या स्वयंपाक्यांस शिक्षण देते व भरंवशाच्या हॉटेलांची यादी ठेविते. रोग्यास ग्लूटेनमुक्त अन्नासाठीं सरकार दरमहा मदत देतें. युरोपांत डिसेंबर २०१४ पासून हॉटेलवाल्यासही पदार्थांत ग्लूटेनयुक्त धान्य आहे कीं नाहीं तें गिऱ्हाइकास सांगावेंच लागतें. आपल्याकडे बंद पाकिटावर तशी नोंद असते, ती वाचावी. खाणावळींत मात्र तोंडानें विचारण्यावांचून गति नाहीं.

प्रभुभोजनाची गोष्टही येथेंच सांगितली पाहिजे, कारण आमच्या मुलाला सहलीपेक्षां ती अधिक लागली होती. मराठी शास्त्रांत पावाला भाकर म्हटलें आहे. घाटावरच्या मुलाला भाकर म्हणजे जोंधळ्याची. मग प्रभूच्या मेजावरची भाकर मलाच कां वर्ज्य, असें तो विचारी. ती गव्हाची असते, आणि पांच हजारांना वाढलेल्या त्या पांच भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे त्याही त्याला चालल्या नसत्या, हें ऐकून तो हिरमुसला. रोमन कॅथलिक मंडळीचा नियम असा कीं ग्लूटेन मुळींच नसलेली भाकर चालत नाहीं, अगदीं अल्प असलेली चालते. हें २००३ सालीं व पुन्हां २०१७ सालीं स्पष्ट केलें आहे. आमच्या मंडळींत तशी अट नाहीं. पाळकसाहेबांनीं वडीलमंडळाशीं बोलून तांदळाच्या पिठाची भाकर सुरू केली. ती निराळ्या ताटलींत झांकून ठेवितात, कारण मोठ्या ताटांतला चुरा तिच्यावर पडला तर सारेंच व्यर्थ. जेथें भाकर रसांत बुडवून घेण्याची चाल आहे, तेथें अशा रोग्यास पेलाही निराळा असावा.

ह्या वर्षीं सहल कोठें न्यावी तें अजून ठरावयाचें आहे, परंतु मुलाची चिठ्ठी तयार आहे. ती त्यानें स्वतः लिहिली व आम्ही फक्त शुद्धलेखन तपासलें. तींत आहे तें असें: "मला गहूं, मैदा, रवा, शेवया, पाव, जव चालत नाहींत, थोडेही चालत नाहींत. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळ, मासे, अंडीं चालतात. हिंग घालूं नये. माझें अन्न निराळ्या तव्यावर व निराळ्या तेलांत करावें. तळलेल्या माशाला काय लावलें आहे तें कृपा करून सांगावें." शेवटच्या वाक्याखालीं त्यानें दोन रेघा ओढल्या आहेत.