विद्यार्थीनिर्मित नृत्य-संगीत अंकाची मांडणी : भंडारा जिल्ह्यातील मंडईच्या संदर्भात

भंडारा जिल्ह्यात भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते व रात्री दंडार, खडी गंमत रंगते. महाविद्यालयीन वार्षिकांक मात्र सत्राअखेर निघतो. तोवर तरुण वाचकाच्या कानातील ढोलकी विरलेली असते. म्हणून विद्यार्थ्यांनी काढावयाचा नृत्य-संगीतविषयक अंक दिवाळीपूर्वीच त्याच्या हाती पडला पाहिजे. मुखपृष्ठावर चित्रपटतारकेऐवजी खडी गंमतमधील नाच्या असावा. स्त्रीभूमिका करणाऱ्या या पुरुषाची आजवर थट्टाच अधिक झाली आहे. शाहिरांच्या मुलाखती झाडीबोलीतच छापाव्यात. प्रमाण मराठीत त्यांची लय उरत नाही. ढोलकीचे बोल मोठ्या टंकात, पावलांच्या छायाचित्रांखाली द्यावेत. डी.जे.वर नाचणाऱ्या वाचकालाही त्यावरून पाऊल टाकून पाहता येते.