कडुनिंबावरचा हिवाळी पाहुणा

ऑक्टोबरच्या अखेरीस एका सकाळी शाळेतल्या दहा-बारा मुलांबरोबर यवतमाळमधील एका उद्यानात पक्षी पाहायला गेलो होतो. साळुंकी, बुलबुल, कोतवाल, दयाळ ही मंडळी मुलांच्या ओळखीची. तेवढ्यात कडुनिंबाच्या शेंड्यातून एक तुटक, दोन स्वरांचा आवाज आला. बराच वेळ मान वर करून पाहिल्यावर पानांआड सतत हलणारा, फिकट भुवईचा, इवलासा हिरवट पक्षी दिसला. हा हिरवट पर्णवटवट्या. वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे साखरेएवढे! याची वीण वायव्य हिमालयापासून मध्य आशिया, सायबेरिया आणि थेट पूर्व युरोपपर्यंत होते.

हा इतक्या लांब का येतो? मुले म्हणाली, "तिकडे थंडी पडते म्हणून." हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. पिसांचे पांघरूण उत्तम असते. बिया खाणारे कित्येक छोटे पक्षी उत्तरेच्या हिवाळ्यातही तग धरतात. पर्णवटवट्या मात्र कीटकांवर जगतो आणि बर्फात कीटक मिळत नाहीत. त्याला इथे आणते ती भूक.

गंमत अशी की, तो निघतो तेव्हा तिकडे कीटक संपलेले नसतात. मग पुढची टंचाई त्याला आधीच कशी कळते? अनेक स्थलांतरी पक्ष्यांच्या शरीरात वर्षाचे एक घड्याळ असते आणि दिनमानाच्या बदलावरून ते जुळवले जाते. यवतमाळला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान अकरा तासांचा असतो. ५५ अंश उत्तर अक्षांशावर हाच फरक साधारण सतरा आणि सात तास एवढा असतो. विल्यम रोवन यांनी कॅनडात जुंको पक्ष्यांच्या पिंजऱ्यात विजेचे दिवे लावून हिवाळ्यातला दिवस कृत्रिमरीत्या वाढवला. कडाक्याची थंडी असूनही वसंतात वाढावीत तशी त्यांची जननेंद्रिये वाढली. हे संशोधन १९२५ साली प्रसिद्ध झाले.

दिनमान दरवर्षी तेच असते, पण हवामान बदलते आहे. नेदरलँड्समध्ये वीण करणारा एक माशीमार पक्षी आफ्रिकेतून परततो. तिथला वसंत लवकर येऊ लागल्याने पिलांना भरवायच्या अळ्यांचा हंगाम त्याच्या वेळापत्रकापुढे निघून जाऊ लागला. जिथे अळ्या सर्वांत लवकर येत, तिथे दोन दशकांत या पक्ष्याची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे २००६ मध्ये दिसून आले.

आपल्या पाहुण्यांचे काय होत आहे? ते कळायला तारखा हव्यात आणि त्या कोणतीही शाळा नोंदवू शकते. पर्णवटवट्या हिवाळ्यात आपापला इलाखा राखतो, त्यासाठीच तो ओरडत असतो. त्यामुळे एकाच झाडाखाली तो पुन्हा पुन्हा आढळतो. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत दर आठवड्याला ठरावीक वेळी, ठरावीक झाडांखाली पंधरा मिनिटे उभे राहा. तारीख, वेळ आणि दिसलेले-ऐकलेले पक्षी लिहा. पक्षी आढळला नाही, तर तेही लिहा. 'नाही' ही नोंदही तितकीच मोलाची आहे. ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह आरंभाला चांगला आहे. मात्र वही सप्ताहानंतर बंद करू नका. एका वर्षाची वही फारसे सांगणार नाही. दहा वर्षांच्या वह्या एकत्र ठेवल्या, तर तुमच्याच गावचा कडुनिंब बोलू लागेल.