डोंगरावर झाडं लावली, पण दरडीचा धोका कमी झाला का? गावानेच असं तपासावं

आंबेगाव तालुक्यातील माळीण (३० जुलै २०१४), महाड तालुक्यातील तळिये (२२ जुलै २०२१) आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३). तिन्ही ठिकाणी मुसळधार पावसात डोंगर घरांवर आला. उपाय म्हणून उतारावर बांबू, वाळा लावा, असं सांगितलं जातं. उपाय चांगला आहे, पण त्यालाही मर्यादा आहे.

वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि वरची माती धरून ठेवतात. घसरण त्याच्याही खालून सुरू झाली, तर मात्र झाडं मुळांसकट खाली येतात. इर्शाळवाडीच्या वर जंगल होतंच. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत तिचं नावही नव्हतं.

मग बघायचं काय?

१. रोपं किती लावली ते नको, तिसऱ्या पावसाळ्यात किती जगली ते मोजा. दरवर्षी एकाच जागेवरून फोटो काढा.

२. मोठ्या पावसानंतर ओढ्याला येणारा गाळ कमी झाला का, ते पाहा.

३. वस्तीच्या वरचं पाणी बाजूला निघून जातं का? तीव्र उतारावर पाणी जिरवणारे चर खणू नका. मुरलेल्या पाण्याने माती जड होऊन सुटते.

जमिनीला भेगा पडल्या, झाडं-खांब कलले, झरा अचानक गढूळ झाला, तर थांबू नका. आधी घर सोडा, मग १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा. तिथे झाडांच्या भरवशावर राहून चालत नाही.